सुताराची व्हॅन

हाडांच्या वॉर्डाला लागून एक लांबट खोली होती. एका बाजूला मोठं सिंक, मध्ये उंच टेबल आणि जमिनीवर कितीही झाडलं तरी राहणारा पांढरा चुरा. या खोलीत ती गेली कित्येक वर्षं लोकांच्या मोडलेल्या हातापायांना प्लास्टर घालत होती. सगळं हॉस्पिटल तिला पाल म्हणायचं, कारण सुट्टी मिळाली की ही बाई कमरेला दोर बांधून उभ्या कड्यांवर चढायला जायची. तिला त्या नावाचं काही वाटत नसे. "पालीचं बरं असतं," ती म्हणायची, "फार तर शेपटी जाते. तुमचा थेट खुबा जातो."

चाळिशी उलटून गेली होती. तिच्या लग्नाचा विषय नातेवाइकांनीसुद्धा कंटाळून सोडून दिला होता. दोन खोल्यांच्या घरात ती आणि तिचा धाकटा भाऊ राहायचे. तो तिच्याहून हातभर उंच आणि अंगाने दुप्पट, तरी ती त्याला बारक्याच म्हणायची. बारक्या एका मोठ्या बेकरीत रात्रपाळीला पीठ मळायचा. त्यामुळे दिवसा त्याला कुठेही झोप लागायची. न्हाव्याच्या खुर्चीत तो झोपलेला आहे, बँकेच्या रांगेत उभ्या उभ्या झोपलेला आहे. एकदा मावशीच्या घरी जेवताना, हातात घास असताना तो झोपला होता, आणि मावशी अजून ते विसरली नव्हती.

बारक्याला उंचीची भीती होती. शिडीच्या तिसऱ्या पायरीवर त्याचे पाय कापायचे. पण बहिणीचा दोर खाली उभं राहून तोच धरायचा. ती चढताना थोडा थोडा दोर सोडायचा आणि तिचा हात निसटला तर दोर आवळून तिला अधांतरी थांबवायचं, हे त्याचं काम. वर निघण्याआधी ती दरवेळी विचारायची, "धरलंस?" आणि तो म्हणायचा, "धरलंय." त्याशिवाय ती जमिनीवरून पाय उचलत नसे. ही सवय दोघांच्या इतकी अंगात मुरली होती, की बारक्या घरी ढाराढूर झोपलेला असताना तिने गंमत म्हणून "धरलंस?" विचारलं, तरी तो डोळे न उघडता "धरलंय" म्हणायचा.

कड्यांकडे जाणारी एकुलती एक बस त्या वर्षी बंद झाली. बस होती तेव्हाही तंबू, दोर, खिळे, भांडी असं सगळं पाठीवर घेऊन फाट्यापासून पुढे चालावंच लागायचं. आता तर फाट्यापर्यंतही जायची सोय उरली नाही. म्हणून तिने ठरवलं की एक जुनी व्हॅन घ्यायची. तीत सामान राहील, तीतच झोपता येईल. खिसा बघूनच घ्यायची होती. बाकी तिच्या अटी दोनच. इंजीन प्रामाणिक हवं, आणि बारक्याला पाय न दुमडता मागे आडवं होता आलं पाहिजे.

पहिली अट तपासायला ती ओळखीच्या गॅरेजवाल्याला विचारायची. दुसरी तपासायला बारक्याच लागायचा. तो मालकासमोर बूट काढायचा, मागे चढायचा आणि लांब व्हायचा. एका व्हॅनमध्ये त्याचे पाय दाराबाहेर आले. दुसरीला मासळीचा असा वास होता की तो आत न जाताच परत आला. तिसरी सगळ्या बाजूंनी छान होती, फक्त किल्ली फिरवली की हॉर्न वाजायचा आणि बंदच व्हायचा नाही. मालक शांतपणे म्हणाला, "सवय होते." चौथ्या व्हॅनमध्ये बारक्या झोपला तो खरंच झोपला, आणि त्याला उठवेपर्यंत मालकाचा मूड गेला.

असे बरेच रविवार गेले. मग प्लास्टर घालून घ्यायला आलेल्या एका पेशंटने तिला व्हॅन विकायला काढलेल्या एका सुताराचा पत्ता दिला.

सुताराचं वर्कशॉप गावाच्या कडेला होतं. पत्र्याच्या शेडबाहेर ती व्हॅन उभी होती. बाहेरून रंग उडालेला, एका दाराला पोचा. पण सुताराने मागचं दार उघडलं आणि बहीणभाऊ दोघांनीही एकदम आत मान घातली. आत सगळं लाकडाचं होतं. पायाखाली फळ्यांची गुळगुळीत जमीन, एका बाजूला ऐसपैस पलंग, त्याखाली ओढायचे खण, समोर भिंतीलगत कपाट. पुढची सीट आणि मागचा भाग यांच्यामध्ये लाकडी भिंत घालून तीत एक सरकती खिडकी केली होती. नव्या व्हार्निशचा वास दरवळत होता.

"खिळा एकही नाही," सुतार म्हणाला. "सगळे सांधे. थंडी आत येणार नाही, वारा आत येणार नाही. घरातसुद्धा इतकं मन लावून काम केलं नव्हतं मी."

तो पन्नाशीचा, सडपातळ, बोटांच्या टोकांना चपटेपणा आलेला माणूस होता. ही गाडी आधी एका फुलवाल्याकडे होती, त्याच्याकडून घेऊन आपण दोन वर्षं हौसेने ती सजवली, असं त्याने सांगितलं.

"मग विकता कशाला?" तिने विचारलं.

सुताराने पलंगावर न दिसणारी धूळ झटकली. "ही येत नाही म्हणते फिरायला. बायको. गाडी सुरू झाली की हिचं डोकं सुरू. मळमळतंय, चक्कर येतेय. दरवेळी अर्ध्या वाटेतून परत. आता तर माहेरी जाऊन बसलीय. मी एकट्याने फिरून काय करू?" मग घाईघाईने म्हणाला, "संध्याकाळी अजून एक जण येणार आहे बघायला. त्याचा घ्यायचाच विचार आहे. तुम्हाला चालवून बघायची असेल तर आत्ताच बघा."

बारक्या तेवढ्यात बूट काढून पलंगावर पसरला होता. त्याच्या डोक्यापलीकडे वीतभर जागा उरली. "ताई," तो आतून म्हणाला, "गाडी राहू दे. मालक नुसती गादी देतात का विचार."

तिने ठरवलं, चढावर नेऊन बघायची. जी गाडी सामान आणि बारक्या घेऊन डोंगर चढते, तीच कामाची. तिने सुताराला शेजारी बसवलं. बारक्या मागेच राहिला. रात्रपाळी करून तो सरळ इकडे आला होता, आणि मागे झोपून बघणं हे तर त्याचं कामच होतं.

शहर संपलं, चढ सुरू झाला. रस्ता डोंगराला गुंडाळत वर जात होता. एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला कठडा, आणि कठड्यापलीकडे काही नाही. गाडी हळू पण न कुरकुरता चढत होती. सरकत्या खिडकीतून मागून बारक्याचा आवाज येत होता. ब्रेक दाबून बघ म्हणाला, वळणावर पोटातलं पाणी हललं म्हणाला. सुतार खूश होऊन आपण कपाटाचं दार वळणावर उघडू नये म्हणून काय युक्ती केली ते सांगत होता. उकडत होतं म्हणून पुढच्या दोन्ही काचा पूर्ण खाली होत्या.

काही वेळाने बारक्या म्हणाला, "डोकं जड झालंय जरा."

"रात्रभर जागलास, जड होणारच," ती म्हणाली. "झोप."

"व्हार्निशचा वास आहे," सुतार म्हणाला. "महिनाभरात जाईल. हिचंही हेच. वास येतो, वास येतो. अहो, नव्या लाकडाला वास येणारच ना? सहन करायची तयारीच नाही माणसाची."

मागून घोरणं ऐकू येऊ लागलं. बारक्याचं घोरणं तिच्या ओळखीचं होतं, भिंतीपलीकडून वर्षानुवर्षं ऐकलेलं. ती निर्धास्त झाली. गाडी तिला आवडली होती, आणि आवडली आहे हे चेहऱ्यावर दिसू नये म्हणून ती मुद्दाम गिअरबद्दल काहीबाही तक्रार करत होती. तिचंही कपाळ थोडं ठणकत होतं. ऊन असेल, असं तिला वाटलं.

दोन मोठी वळणं गेल्यावर तिच्या लक्षात आलं, की घोरणं ऐकू येत नाहीये.

तिने आरशात पाहिलं. आरशात सुताराची लाकडी भिंत दिसत होती. "बारक्या," तिने हाक मारली. उत्तर नाही.

"झोपू द्या हो," सुतार म्हणाला.

तिने मान न वळवता, नेहमीच्या आवाजात विचारलं, "धरलंस?"

इंजिनाची घरघर तेवढी चालू होती. तिने पुन्हा विचारलं, या वेळी मोठ्याने. "बारक्या, धरलंस?"

काहीच नाही.

तिने तिथेच, वळणाच्या तोंडावर ब्रेक मारला. "इथे कुठे थांबताय?" सुतार ओरडला. "मागून ट्रक येतोय." खडीचा भरलेला ट्रक खरंच येत होता. तो कर्कश हॉर्न वाजवत गाडीला घासून पुढे गेला. ती तोवर हातब्रेक ओढून खाली उतरली होती.

बाजूचं दार उघडेना. आतली मूठ कपाटाच्या आड येते म्हणून सुताराने ती काढून टाकली होती, आणि बाहेरची मूठ उचलून, दाबून, मग ओढायची अशी एक खुबी होती. ती फक्त त्यालाच माहीत. तो धावत आला, पण घाईत त्यालाही ती खुबी साधेना. ती वाट बघत थांबली नाही. मागच्या बाजूला धावली, मागचं दार उघडलं. आतून गरम, गोडसर, कोंदट हवा तिच्या तोंडावर आली.

बारक्या जसा झोपला होता तसाच होता. एक हात छातीवर, तोंड थोडं उघडं. गाल लालबुंद, एखादं गुटगुटीत बाळ झोपावं तसे. तिने त्याला गदागदा हलवलं. मान लटकली.

"बघा, चेहऱ्यावर कसा रंग आहे," सुतार मागून म्हणाला. "काही झालेलं नाही त्याला. झोपलाय."

"पाय धरा," ती म्हणाली.

एवढा मोठा माणूस त्या दोघांनी कसा बाहेर काढला, हे नंतर तिला आठवेना. बगलेत हात घालून तिने त्याला ओढलं, सुताराने पाय उचलले, आणि रस्त्याच्या कडेच्या गवतावर त्याला आडवा केला. छाती हलत होती, पण उथळ. तिने त्याला कुशीवर वळवलं, शर्टाची बटणं तोडली, गालावर चापट्या मारल्या. बोलता बोलता तिचा आवाज चढत गेला. त्याला तिने शिव्या घातल्या, आईची शपथ घातली, मावशीकडे जेवायला न्यायची धमकी दिली. वाऱ्यावर गवत हलत होतं. रस्त्यावर दुसरी गाडी येत नव्हती.

किती वेळ गेला कोण जाणे. मग बारक्याच्या घशातून आवाज आला, अंग आकसलं आणि तो ओकला. डोळे उघडले. त्या डोळ्यांत बहिणीची ओळख नव्हती.

"दवाखाना खाली आहे," सुतार म्हणाला. त्याच्या ओठांचा रंग उडाला होता. "चढाच्या पायथ्याला. येताना लागला बघा."

खाली जायला गाडी ती एकच. तिने गाडीकडे पाहिलं. काय झालंय ते तिला कळलेलं नव्हतं, पण भावाला त्या मागच्या खोलीत परत ठेवायचं नाही, एवढं तिचं अंग तिला सांगत होतं. "पुढे बसवू," ती म्हणाली. "तुम्ही चालवा. काचा उघड्या ठेवा. मागची दारंही उघडीच राहू दे."

"आपटतील. मोडतील."

"मोडू दे."

तसेच ते उतरले. मागची दारं वळणावळणावर धाडधाड आपटत होती. ती मध्ये बसून बारक्याचं डोकं खिडकीच्या दिशेने धरून होती. तो अधूनमधून काहीतरी पुटपुटायचा, मग पुन्हा मान टाकायचा. मान पडली की ती त्याला चिमटा काढायची. सुतार रस्त्यावरून नजर न हलवता गाडी उतरवत होता.

पायथ्याच्या दवाखान्यात एक वयस्क डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी आधी बारक्याच्या तोंडाला ऑक्सिजन लावला आणि मग प्रश्न विचारले. कुठे होता हा? गाडीत कुठे? काचा बंद होत्या? इंजीन चालू होतं?

"धूर आत येतो तुमच्या गाडीत," बाई म्हणाल्या. "दिसत नाही, पण येतो. त्याचे गाल लाल झालेत तेही त्या विषारी हवेनेच. अजून थोडा वेळ गेला असता तर माझ्याकडे यायची गरजच उरली नसती. याआधी कुणाला त्रास झालाय का या गाडीत? डोकं दुखणं, मळमळणं, चक्कर?"

ती सुताराकडे वळली. तो दाराच्या चौकटीला टेकून उभा होता.

"माझ्या बायकोला," तो म्हणाला.

सुतार हळूहळू खाली बसला, उंबऱ्यावरच. "तिला मळमळायला लागलं की मीच म्हणायचो," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "जा, मागे जाऊन आडवी हो. बरं वाटेल."

बारक्याला तिथून तिच्याच हॉस्पिटलमध्ये हलवलं. पहिला दिवस वाईट गेला. तो उठला, तिला ताई म्हणाला, आणि मग त्याने विचारलं की आई कुठे आहे. आईला जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिने खिडकीकडे जाऊन पाठ फिरवली. दुसऱ्या दिवशी तो स्वतःच म्हणाला, "काल मी काहीतरी मूर्खासारखं विचारलं ना?" आणि तिला हुंदका आवरेना.

हळूहळू तो सावरला. डॉक्टर म्हणाले, काही आठवडे विसरायला होईल, डोकं दुखेल, मग जाईल. बारक्या मात्र चिडला होता. इतकी वर्षं तिने त्याला असं चिडलेलं पाहिलं नव्हतं. "पोलिसांत दे त्याला," तो म्हणायचा. "फळ्या ठोकून धूर झाकला आणि आपल्या गळ्यात मारायला निघाला होता." तिलाही रात्रंदिवस तेच वाटत होतं. माणूस खोटा असेल तर?

सुताराचा फोन आला तेव्हा ती एका मुलीच्या मनगटाचं प्लास्टर कापत होती. "मी जमीन उचकटलीय," तो म्हणाला. "एकदा येऊन बघा. मग काय करायचं ते करा."

काम संपवून ती तशीच गेली, हाताला पांढरा चुरा लागलेला. वर्कशॉपबाहेर पलंग, खण, कपाट, सगळं मातीत पडलं होतं. गुळगुळीत फळ्यांचा ढीग झाला होता. काही सांधे सोडवायचा धीर न राहून त्याने कुऱ्हाडीने फोडले होते. गॅरेजवाल्याला तिने सोबत घेतलं होतं. तो आत वाकला आणि त्याने तिला बोलावलं.

फळ्यांच्या खाली जुना, सडका गालिचा होता. तो बाजूला केला होता, आणि त्याखालचा पत्रा गंजून चाळणी झाला होता. एका जागी तर बशीएवढं भोक. त्यातून खालची जमीन दिसत होती, आणि जमीन व पत्रा यांच्यामध्ये चिरलेला सायलेन्सरचा पाइप.

"फुलवाल्याच्या बादल्यांचं पाणी," गॅरेजवाला म्हणाला. "वर्षानुवर्षं गालिच्याखाली मुरलं. वरून काय दिसणार?"

ती सुतारासमोर जाऊन उभी राहिली. "तुम्हाला माहीत होतं?"

त्याने मान खाली घातली नाही. "गालिचा मी उचललाच नाही," तो म्हणाला. "वर फळ्या टाकल्या तर आवाज कमी येईल, पाय गरम राहतील, एवढाच विचार केला. खाली बघायला हवं होतं. लाकूड असतं तर बघितलं असतं. पत्रा म्हणून नाही बघितलं."

ती त्याच्याकडे बघत राहिली. कड्यावर कुठला दगड हलणारा आणि कुठला पक्का, हे तिला हाताने चाचपून कळायचं. माणसांच्या बाबतीत तिचा तसा भरवसा नव्हता. पण त्या मोडक्या कपाटांच्या ढिगाऱ्यात उभा असलेला हा माणूस तिला खोटा वाटला नाही. तिचा राग गेला नाही. फक्त तो पोलिसांकडे जाण्याइतका उरला नाही.

"तुमच्या बायकोला सांगितलंत?" तिने विचारलं.

"कुठल्या तोंडाने सांगू? तुम्ही सांगाल का? तुम्ही हॉस्पिटलातल्या. तुमचं ती ऐकेल."

"नाही," ती म्हणाली. "तुमचं तुम्ही सांगा."

त्याने सांगितलं असावं, कारण पुढच्या आठवड्यात एक बाई प्लास्टरच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. हातपाय धड, कुठे काही मोडलेलं नाही. "त्या सुताराची मी बायको," ती म्हणाली. "तुमच्या भावाला नक्की काय काय झालं ते मला सांगा. त्यांच्याकडून ऐकलंय. मला दुसऱ्या कुणाकडून ऐकायचंय."

पालीने सगळं सांगितलं. ती बाई मध्येमध्ये विचारत होती. त्या हवेने कपाळावर पट्टा आवळल्यासारखं होतं का? कानात गुंई वाजतं? थोडीच हवा पोटात गेली असेल तर गाडीतून उतरून तासाभरात एकदम बरं वाटतं? प्रत्येक "हो"ला तिचे खांदे थोडे खाली यायचे.

"तासाभराने बरं वाटायचं ना," ती म्हणाली, "म्हणूनच कुणी विश्वास ठेवला नाही. ते म्हणायचे, घर दिसलं की तुझं दुखणं पळतं. डॉक्टरकडे गेले तर तोवर सगळं ठीक. शेवटी शेवटी मलाच वाटायला लागलं, आपण नाटक करतोय. मी आरशात बघून स्वतःला विचारायचे, तू खरंच आजारी आहेस का गं, की तुला नवरा नकोसा झालाय?" तिने टेबलावरचा पांढरा चुरा बोटाने गोळा केला. "माझ्या आईनेसुद्धा मला हेच विचारलं."

"आता परत जाणार?" पालीने विचारलं. विचारून झाल्यावर तिला वाटलं, विचारायला नको होतं.

"बघू," बाई म्हणाली. "आधी त्यांना थोडे दिवस एकट्याने स्वयंपाक करू दे. पाय गरम राहावेत म्हणून फळ्या टाकल्या ना, मग बायको नसलेल्या घरात पाय गरम राहतात का, ते कळू दे." आणि ती हसली, पण डोळे पुसून.

व्हॅनचा विषय बहिणीने काढला तेव्हा बारक्याने हातातला चहाचा कप खाली ठेवला. "तुला वेड लागलंय का?"

"ऐकून घे," ती म्हणाली. "गॅरेजवाला म्हणतो, इंजीन चांगलं आहे. खालचा पत्रा सगळा नवा घालता येतो, पाइप नवा. विषारी हवा आली तर वाजणारी घंटा मिळते, ती बसवायची. आणि आपल्या खिशाला जमेल अशी ती एकच आहे."

"दुसरी बघू."

"दुसरीच्या गालिच्याखाली काय आहे ते मला माहीत आहे का? हिचं पोट मी उघडं बघितलंय, बारक्या. हिच्यात कुठे काय सडलंय ते मला माहीत आहे."

"तू बघितलंयस," तो म्हणाला. "मी आत होतो."

घरात काही दिवस अबोला होता. तो बेकरीत जायचा, ती हॉस्पिटलमध्ये जायची, दोघं एकमेकांसाठी जेवण झाकून ठेवायचे आणि बोलायचे नाहीत. मग एका सकाळी पिठाने माखलेल्या हातांनी दार उघडून तो म्हणाला, "घे. तुझी गाडी, तुझे कडे. पण मी मागे झोपणार नाही. कधीच नाही."

तिने घेतली. पत्रा बदलताना ती स्वतः गॅरेजमध्ये उभी राहिली आणि जोडणीची प्रत्येक रेघ बोटाने चाचपली. सुताराने पलंग पुन्हा करून द्यायची तयारी दाखवली. तिने एकच अट घातली, की जमीन उघडी राहील, वर काही टाकायचं नाही. मधली लाकडी भिंत त्याने स्वतःहून काढून टाकली.

थंडी संपता संपता ते दोघं पहिल्यांदा कड्यांकडे गेले. बारक्या वाटभर खिडकीबाहेर तोंड काढून बसला होता. रात्री त्याने गाडीपासून चांगल्या अंतरावर तंबू ठोकला. ती गाडीत झोपली, काचा उघड्या ठेवून, आणि थंडीने कुडकुडली. इंजीन बंद आहे, धूर कुठून येणार, हे तिला पूर्ण माहीत होतं. तरी डोळा लागला की ती दचकून उठायची आणि छताला आतून लावलेल्या घंटेचा हिरवा दिवा बघायची.

सकाळी कडा उन्हात उजळला. हवा स्वच्छ होती, दगड कोरडा. तिने दोर काढला, खांद्यावर टाकला, आणि पाहिलं तर बारक्या गाडीच्या उघड्या मागच्या दाराशी उभा होता. बराच वेळ तो आत बघत होता. मग तो काठावर बसला. बूट काढले नाहीत. हळूच पाठ टेकवली, पाय बाहेरच लोंबकळत ठेवले.

"नुसता पडतोय," तो म्हणाला. "तू जवळ बस."

ती दोर बाजूला ठेवून शेजारच्या दगडावर बसली. त्याने डोळे मिटले. थोड्या वेळाने त्याला नेहमीप्रमाणे झोप लागली. ती त्याची छाती वरखाली होताना बघत राहिली. ऊन कड्यावरून सरकून पलीकडे गेलं, चढायची वेळ टळून गेली, तरी ती उठली नाही.